ग्लोबमॅलो दर ऑगस्टमध्ये का मरतं? तीन झुडपं घालवल्यावर सापडलेलं उत्तर

ग्लोबमॅलो म्हणजे नारिंगी फुलांचं एक वाळवंटी झुडूप. त्याच्या मरणाची लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडेही हेच चाललंय का ते लगेच कळेल.

मार्चमध्ये झुडूप नारिंगी फुलांनी भरलेलं. एप्रिलअखेर कमरेपर्यंत वाढलेलं. जूनमध्ये पानं लहान, पिवळट आणि खालून गळायला लागलेली. जुलैत झुडपाने मान टाकली, तुम्ही पाणी वाढवलं, दोन दिवस जरा बरं वाटलं. मग ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी सगळं झुडूप करपल्यासारखं उभं. बुंध्याला धरून ओढलं तर फारसा जोर न लावता वर आलं. पुढच्या वसंतात नर्सरीतून नवं आणलं, त्याच जागी लावलं, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तेच.

मी हे ओळीने तीन वर्षं केलं. घर अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फीनिक्स शहराच्या पूर्वेकडच्या उपनगरात, मागे छोटं अंगण, ड्रिपवर (म्हणजे ठिबक सिंचनावर) एक लिंबू, दोन बोगनवेली आणि हे ग्लोबमॅलो. सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी की भिंतीपलीकडे एक कोरडा ओढा आहे, ज्याला इथे वॉश म्हणतात, आणि त्याच्या काठावर हेच झुडूप आपोआप उगवलेलं आहे. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, त्याच्याकडे बघतही नाही. ते दर वर्षी जिवंत. माझं, एवढी उस्तवार करून, दर वर्षी मेलेलं.

उत्तर एका ओळीत: ते तहानेने मरत नव्हतं, मी त्याला बुडवत होतो. पण एवढ्याने तुमचं झुडूप वाचणार नाही, कारण बुडणारं ग्लोबमॅलो दिसतं मात्र अगदी तहानलेल्यासारखं.

आधी झुडपाची ओळख, कारण अर्धा घोटाळा ओळखीतच आहे. शास्त्रीय नाव स्फेराल्सिया ॲम्बिग्वा. हे नाव ॲसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८७ साली दिलं. ॲम्बिग्वा म्हणजे संदिग्ध, नक्की न सांगता येणारं. माझ्या तीन वर्षांच्या निदानालाही हाच शब्द लागू पडतो. कुळ मॅलोचं, म्हणजे जास्वंद, भेंडी आणि कापसाचं. फूल नीट पाहिलंत तर पाच पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांचा जुडगा, जास्वंदीच्याच घराण्याचा नमुना, फक्त नाण्याएवढ्या आकारात. मूळ मुलूख मोहावे आणि सोनोराचं वाळवंट: ॲरिझोना, कॅलिफोर्निया, नेव्हाडा, युटा आणि सीमेपलीकडे मेक्सिकोचा वायव्य भाग.

पण कुळावरून स्वभाव ठरवू नका, मी तीच चूक केली. जास्वंदीने मान टाकली की पाणी घालायचं आणि ती तासाभरात उभी राहते, हे आपल्या हाताला माहीत असतं. हा हातच इथे घात करतो.

उन्हाळ्यात हे झुडूप काय करतं ते पाहा. हिवाळ्याच्या पावसावर ते वाढतं, वसंतात फुलतं, आणि ऊन चढलं की वसंतातली मोठी पानं टाकून देतं. उरतात ती बारीक, करडी, जाड लव असलेली पानं. कधी कधी तीही नाहीत, नुसत्या काड्या. हा आजार नाही, ही त्याची सुट्टी आहे. पानं कमी, म्हणजे पानांतून उडणारं पाणी कमी, म्हणजे मुळांनी ओढायचं पाणीही कमी. नेमक्या त्याच महिन्यात आपण ड्रिपच्या टायमरवर पाणी वाढवतो, कारण लिंबाला आणि बोगनवेलीला खरोखर जास्त लागतं आणि तिघंही एकाच व्हॉल्व्हवर असतात. झुडूप पाणी पीत नाही, माती सुकत नाही, आणि जुलैत इथली माती नुसती ओली नसते, ओली आणि तापलेली असते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. उष्णतेने मुळांचा श्वास मात्र वाढतो, त्यांना प्राणवायू जास्त हवा असतो. म्हणजे मागणी वाढली आणि पुरवठा आटला. गुदमरलेल्या मुळांवर मग फायटॉफ्थोरा, पिथियमसारखे कुजवणारे जीव चढतात. त्यांना ओलसर ऊब म्हणजे मेजवानी.

मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. पाणी ओढता येत नाही म्हणून पानं लोंबतात. आणि पानं लोंबली म्हणून आपण आणखी पाणी घालतो. या चक्रात मी तीन उन्हाळे फिरलो.

पहिल्या वर्षी झुडूप एप्रिलमध्ये लावलं आणि जूनपासून ड्रिप रोज वीस मिनिटं. रोज थोडं थोडं, सगळ्यात वाईट पद्धत: वरची चार इंच माती कायम ओली, खाली कोरडी, मुळं वरच्या तापलेल्या थरातच गोळा झालेली. ऑगस्टमध्ये गेलं. मी दोष उन्हाला दिला.

दुसऱ्या वर्षी आई आली होती, जून ते सप्टेंबर. संध्याकाळी सात वाजताही बाहेर १०५ अंश फॅरनहाइट, आणि ती बादली घेऊन निघाली.

"आई, त्याला नको घालूस. टायमर आहे."

"टायमरला काय कळतंय ऊन किती आहे ते? अरे, झाडाने मान टाकलीय आणि तू बघत काय बसलायस?"

खरं सांगायचं तर मला तिचंच पटलं. तिच्यानंतर मीही एक बादली घातली. आईचा मुद्दा आजही मला अर्धा बरोबर वाटतो. टायमरला खरंच काही कळत नाही; पण त्याला ऊन कळत नाही यापेक्षा पाऊस पडून गेलाय हे कळत नाही, हे जास्त महाग पडतं. इथला मान्सून अधिकृतपणे १५ जून ते ३० सप्टेंबर. एखाद्या संध्याकाळी धुळीचं वादळ येतं, मागून तासभर कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ठरल्याप्रमाणे ड्रिपही सुरू होतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, मी हुशारी केली. मातीच वाईट असणार असं ठरवून मोठा खड्डा खणला, दोन पोती कंपोस्ट मिसळलं, कडेने छान आळं केलं. आपल्याकडे झाड लावायची रीतच तशी. झुडूप मेपर्यंत इतकं माजलं की शेजारच्या बाईंनी नाव विचारलं. ऑगस्टमध्ये एकाच मोठ्या पावसानंतर आठ दिवसांत आटोपलं. या वेळी मी ते नुसतं फेकलं नाही, मुळं धुऊन पाहिली. तपकिरी, बुळबुळीत, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येई, आत नुसता दोरा. वास डबक्याचा. तहानेने मेलेल्या मुळाला असा वास येत नाही. ते काटकीसारखं कडकड मोडतं.

मग खड्ड्यात पाणी ओतून पाहिलं. चार तासांनी अर्धं तसंच. पहार मारली तर ठण्ण आवाज आला. दीड फुटावर कॅलीची होती, म्हणजे चुन्याने सिमेंटसारखा जमलेला पांढरट थर, जो या भागात बऱ्याच अंगणांखाली असतो. मी खड्डा खणला नव्हता, बादली पुरली होती, आणि तिच्यात पाणी धरून ठेवणारं कंपोस्ट भरलं होतं.

निदान कसं करायचं

तुमचं झुडूप आत्ता लोंबत असेल तर नळाला हात लावण्याआधी हे करा, याच क्रमाने.

पहाटे जाऊन बघा, सूर्य वर यायच्या आत. दुपारी चारला लोंबलेलं पान पहाटे ताठ असेल तर काहीही करायचं नाही. ते दुपारचं नाटक आहे, रोज होणार. पहाटेही लोंबलेलं असेल तर पुढे चला.

लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, दहा-बारा इंची. बुंध्यापासून हातभर अंतरावर जमिनीत दाबा. दोन-तीन इंचांवर अडला तर माती कोरडी आहे आणि झुडपाला खरंच पाणी हवंय. लोण्यासारखा आत गेला आणि बाहेर काढल्यावर चिखल चिकटलेला असेल तर पाणी ताबडतोब बंद. यंत्रं विकत मिळतात मातीतला ओलावा मोजायची. मी एक आणलं होतं, आमच्या खडीमिश्रित मातीत त्याचा काटा दर वेळी वेगळं सांगायचा. स्क्रूड्रायव्हर खोटं बोलत नाही.

एखाद्या काडीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर झुडूप जिवंत आहे, पानं असोत वा नसोत. वरच्या काड्या कोरड्या असतील तर खाली खाली येत बुंध्याजवळ खरवडा. उन्हाळ्यात वरचा अर्धा भाग वाळलेला आणि बुंध्यात हिरवं, असं अगदी नेहमी होतं. अशी झुडपं लोक मेली समजून उपटतात. मलाही एका जुलैत आमच्या एचओएकडून (म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेकडून) 'मृत झुडूप काढून टाका' अशी नोटीस आली होती. ऑक्टोबरमध्ये त्याच झुडपाचा फुललेला फोटो मी त्यांना पाठवला. उत्तर आलं नाही.

शेवटी बुंधा हलवून बघा. घट्ट असेल तर आशा आहे. डगमगत असेल, जमिनीलगतची साल काळपट-मऊ असेल, तर मुळं गेलेली आहेत आणि आता औषध नाही. बुरशीनाशकं ओतत बसू नका. कुजलेलं मूळ कोणत्याही बाटलीने परत येत नाही.

एक वेगळा प्रकार ध्यानात ठेवा. झुडूप चांगलं हिरवं असताना उन्हाळ्यात काही दिवसांत अचानक वाळलं, पानं तपकिरी झाली पण गळली नाहीत, काडीला तशीच चिकटून राहिली, आणि आजूबाजूचं आणखी एखादं झाडही असंच गेलं, तर टेक्सास रूट रॉटची शंका घ्या. ही मातीतली बुरशी आहे, नैर्ऋत्य अमेरिकेच्या अल्कधर्मी जमिनीत राहणारी. कापसाचं मोठं नुकसान करते म्हणून तिला कॉटन रूट रॉटही म्हणतात, आणि कापूस याच कुळातला. मुळांवर भिंगातून तपकिरी-पिवळट धागे दिसतात, पावसाळ्यात कधी जमिनीवर फिकट बुरशीची चटई पसरते. तिथे पाण्याचं वेळापत्रक बदलून उपयोग नाही. त्या जागी अगाव्ह, यक्का किंवा हेस्परॅलो लावावं. ही एकदल झाडं आहेत आणि एकदलांना ही बुरशी मारत नाही.

मी काय बदललं

सगळ्यात मोठा बदल कॅलेंडरात. लागवड एप्रिलमधून ऑक्टोबरमध्ये आणली. वसंतात नर्सरीत फुललेली झुडपं दिसतात आणि हात आपोआप पाकिटाकडे जातो, हे मला कळतं. पण एप्रिलमध्ये लावलेल्या झुडपाची मुळं मेपर्यंत कुंडीच्या आकाराच्या गोळ्यातच असतात. त्याला जगवायला उन्हाळाभर वारंवार पाणी द्यावंच लागतं, आणि तेच पाणी पुढे मारतं. ऑक्टोबरात लावलं की जमीन अजून ऊबदार, हवा निवलेली, आणि मुळांना पसरायला सात महिने मिळतात. फुलं नसलेलं झुडूप विकत घ्यायला जिवावर येतं, तरी घ्या. आणि एक गॅलनच्या कुंडीतलं घ्या. पाच गॅलनवालं जास्त पैसे घेतं आणि जास्त रुसतं.

खड्डा कुंडीएवढाच खोल, दुप्पट रुंद, आत कंपोस्ट शून्य. खणलेली तीच माती परत. त्याआधी पाण्याची परीक्षा: फूटभर खोल खड्डा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि दर तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर खाली कॅलीची किंवा घट्ट चिकणमाती आहे. कॅलीचीचा थर पातळ असेल तर पहारीने आरपार भोकं पाडून पाण्याला वाट देता येते. माझ्याकडचा थर दोन तासांत बोटभरही फुटला नाही, म्हणून मी नाद सोडला आणि वर गेलो. दहा इंच उंच, चार फूट रुंद मातीचा उंचवटा केला, वर खडी पसरली, झुडूप माथ्यावर लावलं. बुंधा आजूबाजूच्या मातीपेक्षा अर्धा इंच वरच राहील असं पाहिलं. नर्सरीतला गोळा बहुधा पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशाचा असतो. तो सुकला की पाणी झटकतो आणि भिजला की सुकायला तयार नसतो, म्हणून लावताना बाहेरचा थर बोटांनी मोकळा केला.

मग ड्रिप. बोगनवेलीच्या व्हॉल्व्हवरून ग्लोबमॅलो काढून टाकलं. वेगळा व्हॉल्व्ह बसवायला खर्च येतो. मी फक्त त्या नळीचं टोक टोपीने बंद केलं आणि पाणी हाताने द्यायला लागलो, कारण महिन्यातून एक-दोनदा द्यायच्या पाण्याला यंत्र कशाला? ड्रिप ठेवायचंच असेल तर एमिटर, म्हणजे पाणी ठिबकणारं तोंड, बुंध्याला टेकवू नका, पानांचा घेर जिथे संपतो तिथे न्या.

पाणी किती? या भागात वाळवंटी झुडपांसाठी जे सर्वसाधारण वेळापत्रक सांगतात ते असं: उन्हाळ्यात ७ ते २१ दिवसांतून एकदा, वसंत आणि शरदात १४ ते ३० दिवसांनी, हिवाळ्यात ३० ते ४५ दिवसांनी, आणि प्रत्येक वेळी दीड ते दोन फूट खोल भिजेल इतकं. जमलेल्या ग्लोबमॅलोसाठी मी या आकड्यांचं लांबचं टोक धरतो. उन्हाळ्यात तीन आठवडे. मध्ये अर्धा इंच पाऊस झाला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. हिवाळ्यात पाऊस झाला असेल तर काहीच नाही. पाणी देताना मात्र हात आखडायचा नाही: नळ बारीक सोडून दोन तास, मग विसरून जायचं. खोल आणि क्वचित. पाणी पहाटेच द्या, जमीन त्यातल्या त्यात थंड असते तेव्हा.

नव्या झुडपाचा पहिला उन्हाळा याला अपवाद आहे. माझं चौथं झुडूप ऑक्टोबर २०२२ मध्ये लावलेलं. त्याचा पहिला उन्हाळा म्हणजे २०२३, जेव्हा फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंशांवर गेला होता आणि मान्सूनने जवळजवळ पाठच फिरवली होती. त्याला मी दर दहा दिवसांनी पाणी दिलं, दर वेळी आधी स्क्रूड्रायव्हर टोचून. जुलैअखेर त्यावर मोजून तीस-चाळीस पानं होती. मला रात्री झोप लागत नसे, हे लिहायला लाज वाटते. नोव्हेंबरात ते बुंध्यापासून फुटलं, आणि पुढचा उन्हाळा, ज्यात सलग ११३ दिवस १०० अंशांच्या वर होते, त्याने मोजून पाच पाण्यांवर काढला.

छाटणीबद्दल थोडं, कारण हिचाही मरणाशी संबंध आहे. वसंतातला बहर ओसरला की, मेच्या पहिल्या आठवड्यात, मी झुडूप फूटभर उंचीवर कापतो. जून-जुलैत कापू नका. उघडा पडलेला बुंधा उन्हात भाजतो, आणि फूट आणायला झुडूप पाणी मागतं, की परत तेच चक्र. मे हुकला तर सरळ शरदापर्यंत थांबा. आणि विजेच्या कात्रीने चेंडू करणाऱ्या बागकामवाल्यांना लांब ठेवा.

कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क. ही सूचना वाचून पुढे जाऊ नका. पानांवरची लव चांदणीच्या आकाराच्या बारीक केसांची असते, कापताना ती धुळीसारखी उडते आणि डोळ्यात गेली तर दिवसभर आग होते. स्पॅनिशमध्ये या झुडपाला 'माल दे ओहो' म्हणतात. शब्दशः डोळ्याची पीडा, आणि त्याच शब्दांचा दुसरा अर्थ दृष्ट लागणं. मी पहिल्यांदा चष्म्याशिवाय कापलं आणि घामाचा हात डोळ्याला लावला तेव्हा दोन्ही अर्थ एकदम कळले.

जे आजार वाटतं पण नसतं

पानांवर करडी-पांढरी भुकटी दिसते म्हणून लोक भुरी समजून गंधक मारतात. बोट फिरवून बघा. निघाली नाही तर ती त्याची स्वतःची लव आहे, उन्हापासून वाचायची. (बोट मग डोळ्याला नको.)

पानं दुमडून रेशमाच्या धाग्याने शिवल्यासारखी दिसली तर आत अळी असेल. पेंटेड लेडीसारखी फुलपाखरं या झुडपावर वाढतात. महिनाभरात अळ्या जातात, पानं परत येतात. फवारलंत तर फुलपाखरं गेली, शिवाय डायडेशिया नावाच्या माश्याही. या लहानशा एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आहेत, जमिनीत भोक करून राहतात, आणि त्यातली एक जात ग्लोबमॅलोच्याच परागावर पिल्लं वाढवते. नर माश्यांना घर नसतं. संध्याकाळी टॉर्च घेऊन फुलांत डोकावलंत तर मिटणाऱ्या पाकळ्यांत ते झोपलेले सापडतात. औषधाची बाटली उघडण्याआधी एकदा हे बघून या.

तांबेरा मात्र खरा आजार आहे. ओलसर वसंतात खालच्या पानांच्या मागे तांबूस-तपकिरी फोड येतात. दिसायला भयंकर, पण त्याने झुडूप मेलेलं मी पाहिलं नाही. ती पानं काढून कचऱ्यात टाका, पाण्याचा फवारा पानांवर येत असेल तर वळवा, आत वारा खेळेल इतकी दाटी कमी करा. कोरडी हवा बाकीचं बघते. जवळ हॉलिहॉक असेल तर तिच्याही पानांची पाठ तपासा, तीही याच कुळातली आणि तांबेऱ्याची लाडकी.

कोवळी रोपं एका रात्रीत देठापर्यंत गायब झाली तर तो ससा. पहिलं वर्षभर कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आणि जर आधीच गेलं असेल

मुळासकट काढा, पण त्याच आठवड्यात त्याच जागी नवं लावू नका. खड्डा उघडा ठेवा, ड्रिप बंद, ऑक्टोबरपर्यंत उन्हात तापू द्या. दरम्यान पाण्याची परीक्षा करून घ्या.

एक गोष्ट लक्षात असू द्या: हे झुडूप मुळातच अल्पायुषी आहे. तीन ते पाच वर्षं, फार तर थोडी जास्त. चौथ्या वर्षी, बुंधा लाकडासारखा झालेला असताना, सगळं नीट करूनही गेलं, तर ती तुमची चूक नाही. म्हणून वारसाची सोय आधीच करून ठेवायची. मेमध्ये छाटलेल्या फांद्यांवर वाळलेली फळं असतात, चाकासारखी, फोडींत विभागलेली. ती कागदी पाकिटात चुरडा, मास्क लावून. बियांचं कवच कडक असतं, पाणी आत शिरत नाही, म्हणून नुसत्या पेरल्या तर वर्ष-वर्ष पडून राहतात. पॉलिश पेपरवर हलकेच घासा, किंवा गरम पाणी ओतून ते गार होईपर्यंत रात्रभर ठेवा, आणि शरदात पेरा. मी घासतो. वीसातली सात-आठ उगवली तरी पुरतात.

दोन इशारे. फिक्या गुलाबी झुडपाचं बी धरलंत म्हणून रोप गुलाबीच निघेल असं नाही. या जाती आपसांत सर्रास संकर करतात, आणि माझ्या गुलाबीची चारही पिल्लं नारिंगी निघाली. विशिष्ट रंग हवाच असेल, समजा 'लुई हॅमिल्टन' नावाच्या वाणाचा कलिंगडी लाल, तर नर्सरीतूनच आणावा लागतो. दुसरं, हिवाळ्यात अंगणभर उगवणारं चीजवीड नावाचं तणही मॅलोच. त्याची रोपं दिसायला जवळची, पण पानं गोलसर, गडद हिरवी, जवळजवळ गुळगुळीत. ग्लोबमॅलोचं रोप पहिल्या खऱ्या पानापासून करडं आणि लवदार. एका जानेवारीत मी अर्धा तास वाकून तण उपटलं आणि मग ढिगातली पानं चाचपून पाहिली. त्यातली नऊ रोपं माझीच होती.

यंदाचं पाकीट गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेलं आहे. वर आईच्या अक्षरात लिहिलंय: 'ऑक्टोबर. पाणी विचारून घालणे.'